रत्नाचा साखरपुडा थांबवा

बडोदा, ३ डिसेंबर १९७८

बाबा, सविनय जयभीम.

इथे पोळ्या गरम मिळतात, स्वेटरही पुरतो. दापोडीत आईचा खोकला थांबला का?

काल जनुकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही आपापलं रक्त तपासलं. माझ्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या. एका रेणूचा दोष आहे. मला त्रास नाही. पण तो आई-बाप दोघांकडून आला, तर मूल जगणं कठीण. आपला धाकटा आनंदा सांधे धरून रडत गेला, तो यानेच असणार.

म्हणजे दोष आईच्या माहेरीही असेल, आणि आपली रत्ना तर मामाच्याच मुलाला, प्रल्हादला द्यायचीय. कंपनीतून रजा घ्या, दोघांचं रक्त पुण्यात तपासून घ्या. तोवर साखरपुडा नको.

आईला सांगा, तिने नदीवर नेलं म्हणून आनंदा गेला नव्हता.

तुम्ही घाबरू नका. घाबरायला मी आहे.

तुमची लेक,
विशाखा