शेवटचे तीस मीटर

मी, संघमित्रा घनश्याम मेश्राम, वय चौतीस, राहणार बालाघाट, मध्य प्रदेश, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. सहाव्या वर्षी गोवरात माझी दृष्टी गेली. म्हणून मी सांगते आहे आणि वकील नूतन बोरकर लिहून घेत आहेत. परवा गुरुवारी नागपुरात माझ्या मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. गाठीमुळे हिचे डोके फिरले होते असे पुढे कोणी म्हणू नये, यासाठी डॉक्टरांचे कालचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कोणी म्हणजे माझा भाऊ राकेश. तो आत्ता दारातच उभा आहे आणि हे वाक्य त्याने ऐकले आहे.

मजकूर मराठीत आहे, कारण तो आईला, तुळसाबाईला, वाचून दाखवायचा आहे. धावपटू म्हणून मी ठिकठिकाणी करते ती भाषणे हिंदीत असतात. ती तिला निम्मीच कळतात.

१. माझे दोन खोल्यांचे घर आईच्या हयातीत आईचे आणि तिच्यानंतर राकेशचे. पुढच्या खोलीत राकेशने माझ्या कार्यक्रमांचे ऑफिस थाटले आहे. ते त्याने हलवावे. सकाळचे ऊन त्याच खोलीत येते आणि आईचे गुडघे दुखतात. तिला लामत्याला मामाकडे पाठवू नये. तिथे तिचे मन रमत नाही.

२. बँकेतली ठेव आईच्या औषधपाण्यासाठी. तिच्यामागे काही उरलेच तर राकेशच्या मुलीच्या शिक्षणाला.

३. माझा बोलणारा फोन, काठी आणि धावायच्या बुटांचे दोन जोड, मी शिकले त्या अंध मुलींच्या शाळेला. बूट ज्या मुलीच्या पायाला बसतील तिचे. कपाटात ठेवायचे नाहीत.

४. माझ्या भाषणांचे व्हिडिओ राकेशने पुन्हा कुठेही दाखवू नयेत. कारण पुढच्या कलमात आहे.

५. न दिसणाऱ्या धावपटूबरोबर एक डोळस जोडीदार धावतो. दोघांच्या हातात एकच आखूड दोरी असते. जोडीदाराने धावपटूला ओढायचे नाही, असा नियम आहे. माझी जोडीदार पुष्पलता टेंभरे होती. ती किरनापूरच्या एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका होती. चार वर्षे ती रोज पहाटेच्या बसने बालाघाटला यायची, माझ्याबरोबर धावायची आणि शाळा भरायच्या आत परत जायची.

२०१६ साली राष्ट्रीय निवडीची चारशे मीटरची शर्यत होती. आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. पुष्पलता सांगत होती, "सरळ आहे आता. तीस राह्यले." तिथे माझे पाय पुढे पडेनात. सकाळपासून अंगात ताप होता आणि तो मी तिच्यापासून लपवला होता. मी थांबले. ती वेगात होती. दोरी ताणली गेली, पुष्पलता एक पाऊल पुढे गेली आणि मी पडले.

पंच धावत आले. काय झाले, असे त्यांनी विचारले. मीच थांबले असे म्हणाले तर पुढच्या वर्षी मला कोणी बोलावणार नाही, एवढेच डोक्यात होते. मी म्हणाले, "इसने मुझे खींचा."

पुष्पलता माझ्याजवळ वाकली. "संघमित्रा, खरं सांग ना त्याईले," म्हणाली. मी तोंड फिरवले.

धावपटूंच्या संघटनेने तिला धावण्यास बंदी घातली. बंदीचे पत्र दाखवून शाळेने तिला काढले. मला पुढच्या वर्षी दुसरी जोडीदार मिळाली आणि पदकही मिळाले. मग भाषणे सुरू झाली. "जिच्या हातात माझा हात होता तिनेच मला पाडलं, तरी मी उठले," या अर्थाचे हिंदी वाक्य राकेशने सुचवले. ते मी आठ वर्षे म्हणते आहे. त्या वाक्याला सगळे सभागृह उभे राहते. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला की मी हात जोडते.

पुष्पलता टेंभरेने मला ओढले नव्हते. मी थांबले होते, आणि मी खोटे बोलले.

हे लिहून होताच राकेश आत आला. "ताई, हे खोडून टाक. एक कार्यक्रम राहणार नाही. आईले लोक काय म्हणतीन?"

"नूतनताई, खोडू नका," मी म्हणाले.

६. या कलमात ठेवीचा अर्धा भाग पुष्पलताच्या नावे लिहिला होता. तो रद्द केला आहे. का ते सांगते.

मी तिला निरोप पाठवला होता. अकरा वाजता ती किरनापूरहून आली. नूतनताईंनी तिला पाचवे आणि सहावे कलम वाचून दाखवले.  

"हा कागद तू मेल्यावर उघडन ना?" तिने विचारले.

"हौ."

"मंग मले काय त्याचं? लोकं मले विचारते, तूच का ते पाडणारी. आज विचारते. तुझा पैसा नको मले. सांगाचं असन तं जित्तेपणी सांग."

राकेश म्हणाला, "बाई, तिचं परवा ऑपरेशन आहे."

"म्हणूनच म्हणून राह्यली," पुष्पलता म्हणाली.

मी पाचवे कलम हिंदीत, माझ्या आवाजात फोनमध्ये रेकॉर्ड केले आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या सगळ्यांच्या ग्रुपवर पाठवले. राकेशने फोन हिसकायला हात घातला तेव्हा नूतनताई मध्ये उभ्या राहिल्या. हेच कबूल करणारे संघटनेच्या नावे पत्र सही करून पुष्पलताच्या हातात दिले. राकेश मोटारसायकल काढून निघून गेला. फोन वाजू लागला. तो मी बंद केला. नागपूरची गाडी दोन वाजता आहे. राकेश येईल की नाही, मला माहीत नाही. आई माझ्याजवळ बसली आहे. तिने सगळे ऐकले आणि माझा हात सोडलेला नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नूतन बोरकर यांनी करावी.

८. ज्याला काही मिळत नाही त्याचीच साक्ष असावी, असे नूतनताई म्हणाल्या. मी पुष्पलताला विचारले.  ती म्हणाली, "पेन द्या. पण मी माह्या मनानं लिहीन."

सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.

ठिकाण: बालाघाट
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

संघमित्रा घनश्याम मेश्राम
(सही व डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार:

१. धर्मेंद्र उके, शेजारी, बालाघाट. संघमित्राने माझ्यासमोर सही केली.

२. पुष्पलता प्रेमलाल टेंभरे, किरनापूर. संघमित्राने माझ्यासमोर सही केली. घर आणि ठेवीचे मला माहीत नाही. कलम पाच खरे आहे. मी तिथे होते.