आप्पांचा उजवा डोळा

गुरुवार, ४ डिसेंबर

आज परत एकाला रेंजवरून बाहेर काढलं! मोठा माणूस, रिंग रोडला साड्यांचं दुकान. पिस्तूल हातात घेतलं आणि सेफ्टी चष्मा चढवला थेट कपाळावर — फोटोत डोळे दिसायला हवेत म्हणे! मी म्हटलं, चष्मा डोळ्यांवर नाही तर गोळी नाही. "मॅडम, एकच फोटो." एकही नाही!

जिग्नेशभाईंचं तोंड वाकडं झालं. क्लबचे सेक्रेटरी ते, त्यांना मेंबर सांभाळायचे असतात. पण रेंज ऑफिसर मी आहे. फायरिंग लाइनवर शब्द माझा. सहा वर्षांत एकालाही सूट दिलेली नाही.

जाताना तेच जिग्नेशभाई म्हणाले, जानेवारीपासून मुख्य कोच तूच. म्हणजे रागावलेले नाहीत. की रागावून म्हणाले? कळत नाही त्या माणसाचं.

शनिवार, ६ डिसेंबर

उद्या गनमॅन लोकांची बॅच. हिऱ्यांच्या ऑफिसांबाहेर, दागिन्यांच्या दुकानांबाहेर बंदूक घेऊन उभे असतात ते. त्यांची एजन्सी वर्षातून एकदा त्यांना सरावाला पाठवते. यंदा पहिल्यांदाच आमच्या रेंजवर. यादी आली, बारा नावं. सातवं नाव — सुकलाल महाजन. आमचे आप्पा!

घरी आले तर आप्पा पलंगावर जुनं वर्तमानपत्र पसरून बंदूक पुसत बसलेले.

"सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं?"

लूमचं खातं — कापडाचा कारखाना — बंद पडलं त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून ही बंदूकच त्यांची नोकरी. एकनळी, बारा बोअरची, माझ्याहून वयाने मोठी. काडतुसं कधीची आहेत विचारलं. "आहेत," म्हणाले. बस.

आई मात्र खुशीत. बाप-लेक एकाच ठिकाणी ड्युटीवर! डब्यात दोघांना कळण्याची भाकरी देते म्हणाली. मला का कोण जाणे, नकोच वाटतंय सगळं. रेंजवर मी ओरडते, हुकूम सोडते. घरी आप्पांसमोर आवाज चढवल्याचं आठवत नाही. उद्या त्यांना काय म्हणू — "नंबर सात, पुढे या"? उगाच चार वेळा उठले, पाणी प्यायले. कशात जीव लागत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

आप्पांच्या डोळ्याला लागलं. माझ्या रेंजवर. माझ्यासमोर.

आज नाही लिहवत.

सोमवार, ८ डिसेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर मी याच्यापुढे फिरवून-फिरवून वेगळंच काहीतरी आठवायला लागेन. म्हणून जसं झालं तसं.

पहिल्या सहा जणांनी मुकाट चष्मे घातले. दत्तू — परभणीकडचा, आप्पांच्या शेजारच्याच ऑफिसबाहेर उभा असतो — तो तर म्हणाला, "ताई, हीरो दिसायलो का नाही?" सगळे मजेत होते. मग आप्पा आले. मी चष्मा पुढे केला.

"आप्पा, चष्मा."

"राहू दे."

आणि मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आंडेर बापले शिकाडस!" लेक बापाला शिकवते!

सगळे हसले. मीही हसले.

मी हसले. हे लिहायलाच हवं. हसले, चष्मा टेबलावर ठेवला आणि बाकीच्यांना दिली तीच आज्ञा दिली — लोड!

पहिली गोळी ठीक. दुसरी ठीक. तिसरीला आवाजच वेगळा आला, फसका. आप्पांचं डोकं मागे झटकलं. काडतुसाची टोपी फुटली होती. पुढे जायचा तो जाळ मागच्या बाजूने उलटा आला, सोबत पितळेचा कण.

ते ओरडले नाहीत. बंदूक उघडली, नळी टार्गेटकडे करून टेबलावर ठेवली — सगळं नियमाने! — आणि मग खाली बसले. "काही नाही. दारू उडाली जराशी." हात डोळ्याकडे जायला लागला तो मी घट्ट धरला. चोळायचं नाही, दाबायचं नाही, पाणी मारायचं नाही. मला सगळं पाठ! चहाचा कागदी कप उपडा करून डोळ्यावर ठेवला, वरून पट्टी बांधली. दत्तूने त्यांना मागून धरलं होतं. नंतरचं सगळं बरोबर केलं मी. आधीचं एक सोडून.

जिग्नेशभाईंच्या गाडीतून इथे आणलं. कडोदऱ्याच्या चौकात ट्रकच ट्रक, गाडी हलेना. आप्पा माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाले, "घाबरू नको." मला!

संध्याकाळी ऑपरेशन झालं. कण निघाला. बुबुळाच्या कडेने आत शिरलेला. डॉक्टर म्हणाले, पट्टी निघाल्यावर बघू.

आई पदरानं तोंड दाबून आली. मग मला एवढंच म्हणाली —

"तू तठेच व्हती ना?"

तिथेच होते, आई. दोन हातांवर.

मंगळवार, ९ डिसेंबर

हे मला आज कळलं. चौतीस वर्षांची झाल्यावर!

डॉक्टरांनी बाजूला घेऊन विचारलं, "यांचा डावा डोळा कधीपासून असा आहे?" कसा? मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा कागद बघतायत. म्हणाले, डाव्याने त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. जुनं आहे, फार जुनं.

आप्पांना विचारलं. आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाले, "तू चौथीत होतीस. खात्यात धोटा उडून आला." लूमवरचा लाकडी धोटा, टोकाला लोखंड. घरी येऊन सांगितलं होतं, कचरा गेला म्हणून. आईने दूध सोडलं होतं डोळ्यात, तिला आठवतंय. त्यानंतर पुन्हा विषयच नाही!

"मग बंदुकीच्या परवान्याला डोळे तपासले ते?"

"पुढच्या माणसाचं ऐकून पाठ केलं."

"आणि नेम?"

तर हसले. पट्टीखाली हसले! "नेम धरताना डावा मिटायचाच असतो. कोणाला कळणार?"

रस्ता ओलांडताना मला कायम डाव्या हाताला ठेवायचे. हात धरून. मी मोठी झाले तरी. मी समजायचे, माया.

एकच डोळा होता त्यांच्याकडे. आमचं घर, माझं कॉलेज, माझं पहिलं पिस्तूल — सगळं त्या एका डोळ्यावर चाललं होतं. आणि तोच मी उघडा ठेवून म्हटलं — लोड!

बुधवार, १० डिसेंबर

जिग्नेशभाई सफरचंदं घेऊन आले. आप्पांची चौकशी केली, मनापासून केली, खोटं कशाला बोलू. मग जिन्यापाशी गाठून हळूच —

"सोमवारी कमिटीला रिपोर्ट द्यायचाय. लखी नाख ने, बेन — चश्मा आप्यो हतो, काकाए काढी नाख्यो. दिला होता, काकांनी काढला. बस. काका काय तुझ्यावर केस करणार आहेत?"

मी सफरचंदांच्या पिशवीकडे बघत राहिले. त्यांनी ते हो समजून घेतलं. जाताना जानेवारीची आठवण करून दिली.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज आप्पाही तेच! जिग्नेशभाईंनी त्यांच्या कानावर घातलं असणार.

"मीच काढला म्हणून लिही."

"तुम्ही घातलाच नव्हता."

"कोण बघायला बसलंय? माझं काय, झालं आता. तुझं सगळं पुढे आहे. बापाचं ऐक."

मी म्हटलं, ऐकूनच तर हे झालं! आवाज चढला माझा. पलीकडच्या पेशंटने मान वळवून पाहिलं. आई संत्रं सोलत होती, ती सोलतच राहिली. आप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. आता कोणत्याही कुशीवर वळले तरी त्यांना काय दिसणार?

दुपारी दत्तू आला. ड्युटीवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. म्हणाला, "ताई, आम्ही अकराजणांनी ठरवलंय. कुणीबी विचारलं तर चष्मा होता. तुम्ही घोर करू नका."

सगळे चांगले आहेत. सगळे मला वाचवायला निघालेत. तेच सहन होत नाही! कुणीतरी एकदा माझ्या तोंडावर म्हणा ना!

शुक्रवार, १२ डिसेंबर

रेंजवर गेले. काम नव्हतं. चष्म्यांचा ट्रे पुसला. अठरा चष्मे. परत पुसला.

शनिवार, १३ डिसेंबर

पट्टी काढली.

डॉक्टरांनी दोन बोटं धरली. आप्पा म्हणाले तीन. मग माझ्याकडे मान वळवली, बराच वेळ बघत राहिले. "माले दखास," म्हणाले. मला दिसतंय. "धुरकट आहे, पण दिसतंय. निळा ड्रेस घातलाय तू."

हिरवा होता. मी हो म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू थोडं सुधारेल. घरात, गल्लीत आपले आपण फिरतील. वाचायला यायचं नाही. बंदूक संपली. आईने भिंतीला टेकून हात जोडले — फिरतील एवढ्यासाठी. मला मात्र तेवढ्यावर हात जोडता येईनात.

सोमवार, १५ डिसेंबर

लिहिला. तीन कागद फाडले. चौथा गुजरातीत, माझ्या अक्षरात —

"नेमबाज क्रमांक सात यांना चष्मा घालण्यास एकदा सांगितले. त्यांनी नकार दिला. मी पुन्हा सांगितले नाही आणि गोळीबाराची आज्ञा दिली. काडतुसे किती जुनी आहेत हेही तपासले नाही. ते माझे वडील आहेत."

शेवटचं वाक्य ठेवू की नको, यात एक तास गेला. सबब वाटते. पण खरं आहे. ठेवलं.

जिग्नेशभाईंनी उभ्या-उभ्या वाचला. "पागल थई गई छे?" मी म्हटलं, सही केली आहे. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे चोळत राहिले. म्हणाले, "माझे बाबा असते तर मीपण बोललो नसतो, बेन." मग कागद फायलीत घातला.

गुरुवार, १८ डिसेंबर

कमिटी बसली. सात जण, चाळीस मिनिटं. रेंज ऑफिसर पदावरून काढलं. वर्षभर कोचिंगही बंद. माझ्याकडे शिकणाऱ्या मयुरी आणि शीतलचे नॅशनलचे सामने तोंडावर आलेत — दोघींना दुसरा कोच. मयुरी पार्किंगमध्ये रडली. मी नाही.

पुढच्या बॅचपासून एजन्सीची काडतुसं आधी तपासणार, असंही ठरलं म्हणे. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.

वाटलं होतं हलकं वाटेल. वाटतंही होतं, उधना दरवाज्यापर्यंत. तिथून पुढे नाही. घरी न जाता चालतच राहिले, कालव्याच्या रस्त्याने पार दिंडोलीपर्यंत. आईने दार उघडलं. ताट वाढलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला. "जेव," म्हणाली.

शनिवार, २० डिसेंबर

आप्पांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. बंदूक जमा केली. सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट नेऊन ठेवलं. सही ओळीच्या खाली गेली. हवालदार म्हणाला, चालेल, काका.

रिक्षात म्हणाले, खांदा हलका वाटतोय. आणि घरापर्यंत तोच खांदा चोळत राहिले.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी आप्पा म्हणाले, काय लिहून दिलंस ते वाचून दाखव. मोबाइलमधला फोटो काढून वाचला. "पुन्हा सांगितले नाही" इथे त्यांनी हात वर केला. थांब.

मग म्हणाले, "दत्तूला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं — मी आधी नाही म्हणतो, मग बघ माझी लेक कशी दरडावते मला. सगळ्यांना दाखवायचं होतं. मी वाट बघत उभा होतो, हर्षदा. आणि तू हसलीस."