सहा फूट दोन इंच

अंबरनाथ, शिवमंदिराजवळ
शनिवार, ५ एप्रिल २०२५

चि. जयदेव यास,
दादाचे आशीर्वाद.

आम्ही इथे ठीक आहोत. गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो. तुझ्या वहिनीने कैरीचं लोणचं घातलं, एक बरणी आईसाठी ठेवली आहे. पूजेचा नारळ घरी आणून फोडला. गोड निघाला.

पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. फोनवर तू स्पीकर लावतोस. मग मी तुझ्याशी बोलतोय की तुझ्या मेव्हण्याशी, ते कळत नाही. हे पत्र तुला ज्या जागी सापडलं तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. आधी बाकीचं वाच. उभ्याने नको, बसून वाच.

जीपमागे लावायच्या त्या गाडीला तुम्ही कॅम्पर म्हणता. मी ट्रॉलीच म्हणणार. आपल्यासाठी ती ट्रॉलीच होती. बारवीच्या पलीकडे भाताची ट्रॉली घेऊन गेलो होतो, परतताना ट्रॅक्टर बंद पडला. ताडपत्री ओढून आपण दोघं ट्रॉलीत झोपलो. माझे पाय फळीबाहेर. सकाळी तू म्हणालास, दादा, अशीच एक बनवू. जीपच्या मागे लावायची, आत झोपायचं, मागे चूल, कच्च्या रस्त्याने कुठेही जायचं. त्याच महिन्यात मी आलेखाची वही आणली. चौकट, चाकांचा ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे, पाण्याची टाकी. चाळीस पानं. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत काढली आहेत, डाग पडलेत तेलाचे.

ती वही सोनिवलीला आईच्या पेटीत होती. अजून तिथेच आहे असं मी जानेवारीपर्यंत समजत होतो.

जानेवारीत मी उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात सोफ्याचा फोम बदलायला गेलो. दुकानदार म्हणाला, "साईं, आपका भाई परसों आया था. साला भी साथ में था. क्या गाड़ी बना रहे हैं, वाह!" मग गल्ल्यावरून वाकून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छे फुट दो इंच का गद्दा कटवाया. आपके वास्ते है क्या?"

मी म्हणालो, "नहीं."

फोम तिथेच ठेवून बाहेर आलो. शहाडपर्यंत चालत गेलो. तू पाच फूट चार. तुझा मेव्हणा अल्पेश तुझ्याहून बोटभर कमी. वहीतलं माप जसंच्या तसं उचललं, एवढंही बघितलं नाही, असं मी रस्ताभर म्हणत होतो. माझी वही, माझ्या मापाची गादी, आणि मी दुकानदाराकडून ऐकतो.

तुझा फोन आला तो फेब्रुवारीत. "दादा, ॲक्सलचं वेल्डिंग तूच कर. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." तू मनापासून बोललास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मागून अल्पेश म्हणाला, "जिजू, होल्डर आणायला सांगा त्यांना, आपला गरम होतो." मी माझा वेल्डिंगचा होल्डर आणला. तीन रविवार आलो. जेवायला बसलं की तुम्ही दोघं मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या गाड्या बघायचात. "जिजू, हा बघा, हा बघा." एका मोबाईलवर दोन डोकी. पूर्वी त्या वहीवर असायची.

वेल्डिंगमध्ये खोट नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं लक्ष तिकडे जाणार नाही. तेवढा खाली मी उतरलो नाही. ट्रॉली जीपला जोडणाऱ्या दांड्याची पिनही मीच लेथवर काढली, तापवून पाणी दिलं, घासली. ती दहा जीपगाड्या ओढेल.

खोट दुसरीकडे आहे.

मागच्या रविवारी, पाडव्याला, पूजा झाली. अंगणात निम्मं गाव होतं. आईने ओवाळलं, चाकांखाली लिंबू ठेवले. कोणीतरी विचारलं, बनवली कोणी? अल्पेश म्हणाला, "मी आणि जिजूंनी. यूट्यूब बघून." मग त्याला मी दिसलो. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आणि हे आमचे वेल्डर. वेल्डिंग एक नंबर." लोक हसले. वाईट हसले नाहीत. तूही हसलास.

तेजस्वी माझा हात ओढत आत घेऊन गेली. "काका, गादीवर झोपून बघा ना. पप्पांचे पाय मध्येच संपतात." मी म्हटलं, नंतर. आठ वर्षांची पोरगी माझ्या जखमेवर बोट ठेवते आहे, असं मला वाटलं. एवढा मी वाहवत गेलो होतो.

मग आईने हट्ट धरला, येत्या रविवारी ट्रॉली पहिल्यांदा एकविरेला जाणार तर पाणी आपल्याच विहिरीचं हवं. बाहेरचं बाधतं. पूजेतच टाकी भरली. तेव्हा मी पाहिलं, टाकी मागे आहे. वहीत ती ॲक्सलच्या पुढे आहे. अल्पेश तुझ्या शेजाऱ्यांना दाखवत होता, "किचन मागे, पाणी मागे, नळ उघडा की थेट सिंकमध्ये. आपण मॉड्युलर किचनवाले, आपल्याला कळतं." ऐंशी लिटर. तिच्या खाली सिलेंडर, मागच्या दाराला जास्तीचं चाक.

सगळे तीर्थ घेत होते. मी पुढे गेलो आणि दांडा उचलून बघितला. दोन बोटांनी उचलला गेला.

दोन बोटांनी, जयदेव. जो दांडा उचलताना कमरेत कळ यायला हवी तो दोन बोटांनी.

तुम्ही शेतातल्या रस्त्यावर चालवून बघितलीत तेव्हा टाकी रिकामी होती. म्हणून काही कळलं नाही. शेपूट जड झालेली ट्रॉली सपाटीला नीट चालते. उतारावर वेग आला की ती आधी थोडी डुलते. मग जीपचा मागचा भाग हलवते. मग चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. मी हे एकदा पाहिलं आहे, नेरळजवळ, विटांच्या ट्रॉलीचं. तुला तेव्हाच सांगितलंही होतं. तू विसरला असशील.

तू माझ्याजवळ आलास. तुझ्या कपाळावर कुंकू होतं. तू विचारलंस, "दादा, सगळं बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "तुझा मेव्हणा आहे ना बघायला."

तुला वाटलं मी चेष्टा केली.

त्यानंतर सहा दिवस झाले. रोज ठरवलं, सांगू. रोज माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. कार्ल्याला गाड्या लावतात तिथे ट्रॉली वाकडी होऊन पडली आहे, लोक बघताहेत, अल्पेश डोक्याला हात लावून बसला आहे आणि तू मला फोन करतोस, दादा, ये. फोन उचलायच्या आधी मी किती वेळ तो वाजू देईन, हेसुद्धा मी ठरवलं होतं.

त्या चित्रात कोणाला लागलेलं नसायचं. चित्र माझं होतं, मी तसं काढत होतो. जीपमध्ये मागच्या सीटवर तेजस्वी बसणार, करिष्मा बसणार, आई बसणार. त्यांना मी आधी उतरवून ठेवायचो आणि मग ट्रॉली पाडायचो. पण बोरघाट काही माझ्या चित्राप्रमाणे चालत नाही. काल भाकरी खाताना हे लक्षात आलं. घास ताटात परत ठेवला. तुझ्या वहिनीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मीठ जास्त आहे. ती म्हणाली, भाकरीत?

म्हणून आज दुपारी सोनिवलीला आलो. इथवरचं घरी लिहिलं होतं, पुढचं ट्रॉलीत बसून लिहितोय. तुम्ही करिष्माच्या माहेरी जेवायला गेलेले. आई ओट्यावर मिरच्या निवडत होती. म्हणाली, "आयलास? पानी पी पयलं. ती बघ गारी कशी नवरीसारखी उभी केलीय." मी म्हटलं, बघतो जरा. ती म्हणाली, "नजर लावू नको हां." ती सगळ्यांनाच म्हणते. पण मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

पिन काढायला एक मिनिट लागलं. माझ्याच हातची, अडकत नाही.

मग मी आत जाऊन गादीवर झोपलो. डोकं या भिंतीला, पाय त्या भिंतीला. मध्ये बोटभर जागा. तुमच्यात एवढं लांब कोणी नाही. ट्रॉलीतल्या त्या सकाळी माझे पाय चोळत तू आणखी एक म्हणाला होतास. "दादा, तुझ्या मापाची बनवू." ते मी वर लिहिलं नाही. मला आठवत नव्हतं असं नाही.

अल्पेशच्या किचनपाशीही उभा राहिलो. ड्रॉवर छान चालतात. आवाज नाही. मला असे जमले नसते. हे त्याला सांगितलंस तरी चालेल.

आता काम. टाकी काढ. वहीत सोळाव्या पानावर आहे तशी ॲक्सलच्या पुढे लाव. नळाची नळी लांब करावी लागेल, अल्पेश करेल. मग पाणी भरून, सिलेंडर, भांडी, सगळं सामान चढवून दांड्याच्या टोकाखाली करिष्माचा वजनकाटा ठेव. साठ किलोच्या आसपास यायला हवं. आज मी लाकडाचा ठोकळा लावून ठेवून पाहिला. सतरा आले. त्यात मागचं सामान अजून चढलेलं नाही.

अल्पेश म्हणेल, पिन नसली तर बोल्ट टाकू. टाकू नका. उद्या निघू नका. एकविरा आठवडाभर थांबते, तिला घाई नसते. आईला माझं नाव सांग. गावाला सांगायचं असेल तर तेही सांग, वेल्डरने पिन पळवली म्हणून.

साठ आले की मला बोलव. फोनवर स्पीकर लावलास तरी चालेल. नाही बोलावलंस तर पिन कोणाबरोबर तरी पाठवून देईन, अडवून ठेवणार नाही.

हे पत्र पिशवीत घालून पिनच्या भोकात बांधून जातोय. गादीवर माझ्या टाचांची धूळ राहिली आहे. मी पुसली नाही. तुला पुसायची असेल तर पूस.

तुझा दादा,
हरिचंद्र