कॉरलीचं भांडं

पोर्ट मेरिन,
९ जुलै

प्रिय रसेल,

तू आणि कॉरली दोघं नवराबायको खुशाल असाल, आपल्याकडच्या या जुलैच्या थंडीने तुझा गुडघा धरला असेल आणि तरीही तू डॉक्टरकडे गेला नसशील, असं धरून लिहिते.

आधी एक गंभीर तक्रार. बिअरच्या डब्याची कडी ज्याने शोधून काढली, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. माझ्या धातुशोधक यंत्राला सोनं आणि ती कडी यांतला फरक कळत नाही. दोन्हींना सारखाच गोड आवाज काढतं. दर वेळी गुडघे टेकायचे, ओल्या वाळूत हात खुपसायचा आणि वर काय, तर कडी! चर्चमध्ये एवढे गुडघे टेकले असते, तर पाद्रीबुवांनी माझ्या नावाचं बाक केलं असतं.

खरी वस्तू सापडली की मालकांचा ताप. परवा एकाला गाडीची किल्ली घरपोच दिली. दारातूनच ओरडला, "कुलूपच बदललं ना मी! जरा आधी नाही का शोधायची?" एका बाईंना कानातलं दिलं, तर म्हणाल्या, "याला ओरखडा नव्हता हं."

हे यंत्र मला अर्नीने शिकवलं, माझ्यासोबत किनारा धुंडाळतो तो. त्याचा नियम असा, की बेकरीच्या काचेवर फक्त 'अंगठी सापडली' एवढंच लिहायचं. कशी आहे ते सांगायचं नाही. खूण मालकाने सांगायची, मगच वस्तू हातात.

गेल्या महिन्यातल्या वादळाने धक्क्याखालची वाळू पार खरवडून नेली. पायऱ्यांशी यंत्र वाजलं. मी म्हटलं, "कडी."

"कडीच," अर्नी म्हणाला. "खण."

कडी नव्हती, अंगठी होती. माझं तोंड बघून त्याने विचारलं, "कुणाची गं?"

"ओळखीच्याची."

"मग तर खूण आधी विचार. ओळखीचेच जास्त थापा मारतात."

मी बेकरीत काहीच लावलं नाही. ती साखरेच्या भांड्यात ठेवली. चहात साखर मी घेत नाही, तुला ठाऊक आहे.

त्या पायऱ्या तुला आठवत असतील. बाबांना समुद्रात सोडताना वारा फिरला आणि अर्धे बाबा तुझ्या कोटावर उडाले. राख धुवायला तू वाकून समुद्रात हात घातलास. असल्या पाण्यात बोटं आकसतात रे. सैल अंगठी निघून जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. हिवाळ्यात आम्हाला सापडतात त्या बहुतेक अशाच. बाबांची बोटं जाळी ओढून जाड झालेली. तुला त्यांची अंगठी पहिल्यापासून ढिली होती.

बोटात ती नाही हे तुझ्या ध्यानात आलं ते नंतर माझ्या घरी, हाताला साबण लावताना. "इथे वाटीत काढून ठेवली होती, ताई. तुला ती आधीपासून हवीच होती."

हवी होती. म्हणून तर "मी घेतली नाही" म्हणताना माझा आवाज चिरकला, आणि तो कॉरलीने ऐकला. त्यानंतर तुमची नाताळची कार्डं माझ्या शेजारणीला येतात. पोस्टमन मला दाखवून तिच्याकडे नेतो.

या तीन आठवड्यांत किटलीसमोर उभी राहून मी तुला काय काय सुनावलं आहे! ठरवलं होतं की तुला इथे बोलवायचं, दारात उभं करायचं आणि विचारायचं: सांग, आत काय कोरलंय? पण तू खरंच दारात उभा राहून आईने बाबांसाठी कोरून घेतलेले ते शब्द म्हणालास, "वेळेवर घरी ये", तर माझं एकही भाषण मला आठवणार नाही.

तेव्हा खूण विचारत नाही. अर्नीला सांगू नकोस.

कॉरली त्या दिवशी रागारागात तिचं पुडिंगचं भांडं इथेच टाकून गेली. इतकी वर्षं कपाट उघडलं की ते डोळ्यांत खुपतं. या पत्रासोबत ते परत पाठवते आहे. आई म्हणायची, दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडू नये.

भांड्यातला कागद जपून उलगड.

तुझी ताई,
ग्लेनिस