पाळणाघराची सूचना परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
पर्यायी धोरण कक्ष,
प्रांतिक सचिवालय.

विषय : कामगार महिलांच्या पाळणाघराविषयी मी केलेली सूचना मला परत मिळण्याबाबत.
संदर्भ : १) आपले जाहीर आवाहन, 'आर्थिक व सामाजिक धोरणांचे प्रगतिशील पर्याय सुचवा'. २) माझे सूचनापत्र. ३) आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

मी सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात मोजणी कारकून आहे. मळक्या चादरी किती आल्या, स्वच्छ किती गेल्या, हे लिहिण्यात एकोणीस वर्षे गेली. आपल्या आवाहनात 'सामान्य नागरिकाने निःसंकोच लिहावे' असे होते. मी निःसंकोच लिहिले, ही चूक मान्य आहे.

१. आमच्याकडे इस्त्रीवर अकरा बाया. पैकी सहाजणींची मुले लहान. ती कोठाराशेजारच्या रिकाम्या खोलीत असत. रोज एकजण पाळीने मुलांपाशी बसे आणि तिच्या वाट्याच्या चादरी बाकीच्या दहाजणी वाटून घेत. चार वर्षांत एक चादर कमी भरली नाही, मोजणारा मीच. माझी सूनही इस्त्रीवर आहे, नात पावणेदोन वर्षांची. हीच पद्धत सरकारने सगळीकडे सुरू करावी असे मी सुचवले आणि खात्री पटावी म्हणून पाळीचा तक्ता जोडला.

२. सूचना आपणांस फार आवडली. निवडक सूचनांची जी पुस्तिका आपण काढली, तिच्यात एकेचाळिसाव्या पानावर आमच्या खोलीचे छायाचित्र छापून आले. तक्ता आपण रुग्णालयाच्या प्रशासनाकडे माहितीसाठी पाठवला. रोज एक बाई कामावर असून इस्त्रीवर नसते, असा शोध त्यांनी त्यातून लावला. (आम्हांला तो चार वर्षे ठाऊक होता.) अकराजणींकडून खुलासा मागवला आणि नवे धोरण लागू होईपर्यंत खोलीला कुलूप घातले.

३. धोरण केव्हा लागू होणार, हे विचारायला मी आपल्या कक्षात पाचदा आलो. तिथले साहेब सज्जन आहेत, खुर्ची देतात. म्हणाले, "काका, तुमचीच सूचना. तिला जरा वेळ द्या की." उपसमितीने आधी असे एखादे चालू पाळणाघर पाहायचे आहे म्हणे. चालू असे एकच होते. त्याला कुलूप आहे.

४. मुकादमबाई म्हणतात, "भाऊ, तुमचं अक्षर वाचता येतं, तिथंच घोळ झाला." सून एकदाच बोलली. "बाबा, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" विचारले होते, म्हणून मी आवाहनाचा कागद दाखवला. तिने तो पुरता वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि नातीला शेजारणीकडे सोडायला गेली. शेजारीण आठवड्यातून तीन दिवस हो म्हणते. काम सहा दिवस असते.

५. तरी सूचना मागे घेऊ द्यावी व ती खोली पूर्वीसारखी कुणाच्याच लक्षात नसलेली समजावी, अशी विनंती होती. पण स्वीकारलेली सूचना शासनाची होते, सूचकाची राहत नाही, असे आपल्या कक्षाने काल कळवले. म्हणून विनंती बदलतो.

६. हजेरीपट माझ्याकडे असल्याने सुनेचा राजीनामा आज माझ्याच टेबलावर आला. तो मलाच नोंदवायचा आहे. बाया काम सोडतात तेव्हा कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहावे, असा प्रघात आहे. या एका नोंदीपुरते तिथे 'शासकीय' लिहिण्याची परवानगी मिळावी.

आपल्या उत्तरापर्यंत रकाना कोरा ठेवून थांबलेला,

(सही)
मोजणी कारकून, धुलाईघर
दिनांक : महिनाअखेर

सोबत : अभिनंदनपत्र (मूळ प्रत, परत नको).