उशी लॅब्राडोर आहे

२ फेब्रुवारी. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं. शिस्त आपल्या रक्तातच आहे.

काल नवीन सर्क्युलर निघालं. लष्करी वसाहतीच्या फॅमिली क्वार्टरांत सहा जातींची कुत्री पाळायला बंदी. यादीत पहिलंच नाव पिटबुल. क्वार्टर ऑफिसचा हेडक्लार्क या नात्यानं सहाही नोटीसबोर्डांवर ते मी स्वतः लावलं. टाचण्यांनी नाही, खळीनं. टाचण्या चोरीला जातात. कागदाची बचत म्हणून दोन्ही बाजूंना छापायची सूचनाही माझीच. मेजरसाहेबांनी तेव्हा मान डोलावली होती.

आमच्या घरी उशी आहे. उशी पिटबुल आहे. हे वाक्य या रोजनिशीत शेवटचं. यापुढे उशी लॅब्राडोर.

बायको माहेरी गेलीय, हवापालटाला. अकरावा आठवडा. जाताना थंडीचे कपडे नेले, उन्हाळ्याचेही नेले. दूरदृष्टीची आहे. उशीलाही नेते म्हणत होती, पण मी म्हटलं घर अगदी ओकंबोकं होईल. मग ठेवून गेली. उशी जिथे आहे तिथे ती येणारच, उशीवाचून तिला करमत नाही. म्हणून उशी इथे राहायलाच हवी.

५ फेब्रुवारी.

फॉर्म भरला. पाळीव प्राणी नोंदणी, नमुना ब. जात: लॅब्राडोर. रंग: राखाडी. इतर खुणा: डोकं किंचित रुंद. खाडाखोड न करता, नीट अक्षरात भरलेल्या फॉर्मला आजवर कुणी प्रश्न विचारलेला नाही. एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. 'वरील माहिती खरी आहे' याखाली सही केली. फॉर्म तपासणारा मी, स्वीकारणारा मी. शिक्का मारला.

उशीला सांगितलं. तिनं जांभई दिली.

७ फेब्रुवारी. सकाळी ६.

उशीला बायकोचा जुना स्वेटर घालून फिरायला नेलं, म्हणजे खांदे दिसत नाहीत. गेटवरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, पिटबुल केवढ्याचा. मी म्हटलं, लॅब्राडोर आहे. तो म्हणाला, बरं, मग लॅब्राडोर केवढ्याचा. पटलं त्याला. मग खाली बसून पाच मिनिटं तिचा कान खाजवत राहिला. ड्युटीवर! तक्रारच करणार होतो, पण विषय वाढवू नये.

संकल्प: उशीचं वजन कमी करायचं. बारीक झाली की स्वेटरची गरज नाही. माझंही करायचं.

८ फेब्रुवारी.

उशीनं माझ्या वाटचा पाव खाल्ला. वजनाचं सोमवारपासून.

११ फेब्रुवारी. रविवार.

शेजारचा ड्रायव्हर कुंपणावरून बोलला. त्याच्याकडे रॉटवायलर आहे, यादीत तिसरा. आणि गड्यानं फॉर्मवर सरळ रॉटवायलर असंच लिहून दिलंय! मी म्हटलं, आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास. तो म्हणाला, हेडक्लार्कसाहेब, सर्क्युलरची मागची बाजू वाचलीत का? मी म्हटलं, अरे, ते मी माझ्या हातानं लावलंय. तो म्हणाला, तेच तर. आणि आत गेला.

त्याच्या युनिटला सर्क्युलरची सुटी प्रत जाते, म्हणून या लोकांना उगाच शहाणपण सुचतं. मागच्या बाजूला कायम 'प्रत रवाना'ची यादी असते. ती वाचणाऱ्याला वेळ भरपूर असतो.

१६ फेब्रुवारी.

बायकोचा फोन. चार मिनिटं. पैकी साडेतीन उशीवर. नीट खाते का, जंताची गोळी दिली का, नखं कोण कापतं. सगळं व्यवस्थित आहे म्हटलं. (नखं राहिलीत.) नव्या नियमाचं तिच्या कानावर गेलंय, ड्रायव्हरच्या बायकोकडून. मी सांगितलं, लॅब्राडोर म्हणून नोंद करून टाकलीय, विषय संपला. बराच वेळ काही बोलली नाही. कौतुक वाटलं की ती अशीच गप्प होते. मग म्हणाली, अहो, तो कागद एकदा नीट वाचा, प्लीज. मग फोन उशीच्या कानाला लावायला सांगितला. काय बोलली ते ऐकू आलं नाही. उशीनं फोन चाटला.

फोन पुसला, चार्जिंगला लावला. विशेष काही वाटलं नाही.

२१ फेब्रुवारी.

श्वानपथकाच्या डॉक्टरबाईंकडे लस टोचायला गेलो. मुद्दाम गर्दीच्या वेळी. बाईंनी कार्ड बघितलं, उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जातीबद्दल चकार शब्द काढला नाही. उशीचे कान ओढले, तोंडात हात घातला, खात असलेलं बिस्किट काढून घेतलं, मागे पत्र्याचा डबा आपटला. उशी बाईंच्या बुटावर डोकं ठेवून झोपली. बाई म्हणाल्या, ही तर टेस्टमध्ये आरामात पास होईल, पण टेस्ट फक्त यादीतल्या जातींची घेता येते, लॅब्राडोरची कशी घेऊ? अठ्ठावीस तारखेच्या आत नोंद दुरुस्त करून आणा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि चक्क स्वतःचं पेन पुढे केलं.

सापळा लगेच ओळखला. दुरुस्ती म्हणजे कबुली. एकोणीस वर्षांत अशी पेनं पुष्कळ पाहिलीत. मी म्हटलं, बाई, कुत्री लॅब्राडोर आहे. बाईंनी पेन खिशाला लावलं. घरी येताना उशी दोनदा मागे वळून बघत होती. बिस्किट राहिलं होतं तिचं.

२८ फेब्रुवारी.

आज विशेष काही नाही. उशीला आंघोळ घातली. नखांचं उद्या.

३ मार्च. सकाळी ८.

पाण्याच्या टाकीजवळच्या बोर्डावरचं सर्क्युलर दवानं सुटून खाली पडलं होतं. पालथं. खळ पातळ, स्टोअरवाल्यांचा कारभार. उचलताना मागची बाजू दिसली. 'प्रत रवाना' नव्हतं. कलम नऊ होतं. ज्यांच्याकडे यादीतलं कुत्रं आधीपासूनच आहे त्यांनी खरी जात नोंदवावी, २८ फेब्रुवारीपर्यंत डॉक्टरांची टेस्ट द्यावी, पास झाल्यास कुत्रं ठेवता येईल. बाहेर नेताना साखळी आणि तोंडाला जाळी. एवढंच.

वाचलं. पुन्हा वाचलं. मग दाट खळ आणली आणि होतं तसं चिकटवलं. बोर्ड रिकामा बरा दिसत नाही.

ऑफिसला गेलो. दुपारी डबा खाल्ला. त्यात काय होतं ते आठवत नाही.

६ मार्च. सकाळी ११.

अकरा कुटुंबांची तक्रार: मागची बाजू आम्हाला दिसलीच नाही, ती भिंतीकडे होती. मेजरसाहेबांनी विचारलं, खळीनं कुणी लावलं? म्हटलं, साहेब, टाचण्या चोरीला जातात. दोन्ही बाजूंना छापायचं कुणी सुचवलं? म्हटलं, कागदाची बचत. साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, १५ मार्चपर्यंत मुदत वाढवून द्या, पत्र करा.

सुटलो! पत्र दहा मिनिटांत टाइप केलं, सही घेतली, सहा बोर्डांवर लावलं. टाचण्यांनी. माणसानं शिकत राहावं. मनातल्या मनात उशीचा नवीन फॉर्मही भरून झाला.

६ मार्च. दुपारी ४.

जाता जाता बोर्डावरचं पत्र वाचलं. शेवटची ओळ: 'यापूर्वी खोटी माहिती देणाऱ्यास ही सवलत लागू राहणार नाही.' साहेबांनी ती सांगितली नव्हती. मी प्रत्येक पत्राच्या शेवटी ती घालतोच. त्याशिवाय पत्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

वसाहतीत असा माणूस एकच आहे.

९ मार्च.

दुरुस्तीचा अर्ज दिला. 'नमुना ब मध्ये पिटबुलऐवजी लॅब्राडोर असे नजरचुकीने टाइप झाले आहे.' मेजरसाहेबांनी मूळ फॉर्म काढून दाखवला. तो हातानं भरलेला आहे.

मग बसा म्हणाले. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. गादी चांगली आहे. साहेब म्हणाले, तुमच्या कुत्रीचं वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे, गेटवर तिला लॅब्राडोरबाई म्हणतात. फॉर्म खरा भरला असतात तर मीच पहिली सही केली असती. पण सही झालेली ओळ मला मोडता येत नाही, आणि ती तुम्हीच घातलीत. वीस तारखेला इन्स्पेक्शन. तोवर कुत्री बाहेर, नाहीतर क्वार्टर रिकामं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

संकल्प: क्वार्टर सोडायचं. गावात खोली घ्यायची, उशीला घेऊन राहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

१२ मार्च.

काल खोली बघितली. तिसरा मजला. घरमालकाला कुत्र्याचं काही नाही. उशी दुसऱ्याच पायरीवर बसली ती उठेना. तीस किलो उचलून वर नेली. वर गेल्यावर मालकाला सांगितलं, नळ गळतोय, नको.

नळ ठीक होता. बायको परत आली आणि क्वार्टरचं दार दुसऱ्याच कुणी उघडलं तर? मग ती काय मला शोधत बसणार आहे? नाही शोधणार. याची मला भीती वाटते. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवलं.

नवीन संकल्प अजून सुचलेला नाही.

१४ मार्च.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, म्हणजे छपाईत जरा घोळ झाला वगैरे. माझं वाक्य संपायच्या आत म्हणाली, शनिवारी येते.

शनिवारी येते! चार महिने मी नाना तऱ्हांनी सुचवून पाहिलं, आणि आता हे दोन शब्द. मेजरसाहेबांचे आभारच मानायला हवेत. ती आली की दोघं मिळून काहीतरी मार्ग काढू, तिला माणसांशी बोलता येतं. कामाला लागलो. पडदे धुतले. स्वयंपाकघरातला गेलेला बल्ब बदलला. तिच्या कपाटातले माझे बूट काढले. उशीची नखंसुद्धा कापली, तीन पायांची.

१७ मार्च. शनिवार.

दहा वीसला आली. मेव्हण्याची गाडी. त्यानं इंजिन बंद केलं नाही.

येताना नवीन साखळी, तोंडाची जाळी आणि पाण्याचं भांडं घेऊन आली होती. उशी तिच्या अंगावर पडली. तिनं लसीचं कार्ड मागितलं, गोळ्या कधी द्यायच्या विचारलं, चौथा पाय बघितला. मी चहा ठेवला होता. म्हणाली, दादा थांबलाय. उभ्या उभ्या पाणी प्यायली. बल्ब नवीन आहे असं मी सांगितलं. ती हो म्हणाली.

माझ्याकडे अंगण मोठं आहे, म्हणाली. आईकडे नाही, माझ्याकडे. नोकरी लागून दोन महिने झाले, घर घेतलंय भाड्यानं. हे तिनं आधी सांगितलं असणार, फोनची लाइन खराब असते. कोरे फॉर्म माझ्या घरी असतातच, हस्तांतराचा काढून दिला. जातीच्या रकान्यात तिनं पिटबुल लिहिलं, एका फटक्यात, आणि सही केली. त्याखाली मी केली.

निघताना विचारलं, झोप लागते ना तुम्हाला? मी म्हटलं, लागते. काळजी घ्या म्हणाली. उशी मागच्या सीटवर उडी मारून बसली. खिडकी तिच्या बाजूची उघडी होती, पण ती पुढे बघत होती.

चहा दोघांचा होता. दोन्ही कप प्यायलो.

२० मार्च.

इन्स्पेक्शन. मेजरसाहेब आणि डॉक्टरबाई. कुत्रं: नाही. भिंती: ठीक. पडदे स्वच्छ, असा शेरा साहेबांनी आपणहून दिला. डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठे गेली. म्हटलं, चांगल्या ठिकाणी. खिशातून त्यांनी बिस्किटांचा पुडा काढला होता, तो परत ठेवला.

पुढचा रकाना: सोबत राहणारे कुटुंबीय. साहेबांचं पेन तिथे थांबलं. घाई नाही, म्हणाले, हा रकाना पुढच्या वेळी भरू. मी म्हटलं, साहेब, रकाना मोकळा सोडता येत नाही. आणि सांगितलं: कुणी नाही.

रिपोर्ट टाइप करायला मीच घेऊन आलो.

२३ मार्च. दुपारी ३.

एकट्या माणसाला फॅमिली क्वार्टर ठेवता येत नाही. तीस दिवसांत सिंगल ब्लॉकमध्ये जायचं. नियम जुना आहे, चांगला आहे. नोटीस टाइप केली. या खेपेला शेवटची ओळ घातली नाही. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, इथेच घ्या ना स्वतःच्या हातानं. पण नोटीस क्वार्टरवर जाऊनच बजावायची असते. ऑफिसात दिलेली धरत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीनंतर गेलो. नोटीस देताना बेल वाजवायची आणि दोन मिनिटं थांबायचं, अशी पद्धत आहे. बेल वाजवली. आतून कुणी भुंकलं नाही. शेजारचा ड्रायव्हर कुंपणाशी उभा होता. त्यानं विचारलं, किल्ली विसरलात का? मी म्हटलं, नाही, आहे खिशात.

दोन मिनिटं झाली. 'घरी कुणी नाही' असा शेरा लिहिला, वेळ घातली, आणि ऑफिसला परत आलो.