चपलांजवळची बाटली

मंगळवार, अंगारकी

माझ्या थायरॉइडच्या गोळ्या मेंढीच्या ग्रंथीपासून करतात, हे यांनीच घरात बोलून ठेवलं. आज उपास, म्हणून सासूबाईंनी बाटली गॅलरीत नेऊन ठेवली. चपलांजवळ! याच गोळ्यांनी तोंडावरची सूज उतरली, आवाजाचा घोगरेपणा गेला, तीन जिने पुन्हा चढता आले. आणि ती बाटली चपलांजवळ?

हे मोर्चात ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणून घसा फोडतात. आईपुढे मात्र, “आजच्या दिवस ऐक ना तिचं.”

का ऐकू? बाटली आत आणली, दोघांसमोर गोळी गिळली आणि त्याच हातांनी नैवेद्याचे मोदक वळले.

सासूबाईंनी चार खाल्ले. बाटली आता माझ्या कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. हलवून दाखवा म्हणावं!